जुनी एमएक्स-५ धुराच्या टेस्टला दोनदा नापास, कॅट बदलू का?

छप्पर_उघडं

नमस्कार मंडळी, जरा अडकलोय, मदत पाहिजे. माझ्याकडे १९९१ ची मझदा एमएक्स-५ आहे, पहिल्या पिढीतली, ती पॉप-अप हेडलाइटवाली, १६०० सीसी इंजिन. जवळपास सगळं स्टॉक आहे, फक्त आधीच्या मालकाने कोन फिल्टर लावलाय आणि मागचा सायलेन्सर बदललाय. दीड वर्ष झालं घेऊन आणि आता धुराच्या टेस्टला लागोपाठ दोनदा नापास झाली. पहिल्यांदा वाटलं मशीन गंडलं असेल म्हणून दुसरीकडे नेली तर तिथे पण तेच.

दुसऱ्या टेस्टचा कागद समोर ठेवून टाइप करतोय. फास्ट आयडल २६०० आरपीएमला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १.८६ टक्के, एचसी (न जळलेलं पेट्रोल) २४० पीपीएम, सीओटू १३.६, ऑक्सिजन ०.३, लॅम्डा ०.९५. साध्या आयडलला सीओ २.३१ आणि एचसी ३३०. कागदावर फास्ट आयडलची लिमिट लिहिलीय सीओ ०.३, एचसी २००, लॅम्डा ०.९७ ते १.०३. म्हणजे थोडक्यात हुकली असंही नाही, चांगलीच आपटलीय.

गंमत म्हणजे गाडी चालायला एकदम मस्त आहे, पिकप आहे, काळा धूर दिसत नाही, फक्त पेट्रोल जरा जास्त पिते आणि सुरू करून मागे उभं राहिलं की कच्च्या पेट्रोलचा वास येतो. प्लग आणि वायरी मागच्या महिन्यातच नवीन टाकल्यात. इंजिन तर इतकं थंड चालतं की विचारू नका, हायवेला काटा पाव भागाच्या वर जातच नाही, त्यामुळे इंजिनाच्या तब्येतीचं टेन्शन नाही.

टेस्टवाला म्हणाला कॅट (धूर साफ करणारा एक्झॉस्टमधला डबा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) गेलाय, दुसरं काही नाही. आता नवीन कॅट ऑर्डर करायच्या बेतात आहे. प्रश्न एवढाच की २०० सेलचा स्पोर्ट्स कॅट घेऊ का ओरिजिनल टाइपचा? आणि टेस्ट पास व्हायच्या काही ट्रिका असतील तर त्या पण सांगा, हातात तीन आठवडे आहेत.

घाईत_असतो

सरळ कॅट बदल आणि मोकळा हो. एवढ्या जुन्या गाडीचा कॅट जिवंत असणं हाच चमत्कार. आणि टेस्टला जायच्या आधी टाकी रिकामी करत आण आणि दोन-तीन लिटर स्पिरिट ओत, आमच्याकडे सगळे असंच करायचे, सीओ खाली येतो म्हणजे येतोच.

लॅम्डा_एक

थांबा थांबा, कॅटची ऑर्डर देऊ नका अजून. रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं होईल.

तुमच्या कागदावर सगळ्यात महत्त्वाचा आकडा सीओ नाही, लॅम्डा आहे. लॅम्डा म्हणजे हवा-पेट्रोलचा हिशोब, १ म्हणजे बरोबर, त्याखाली पेट्रोल जास्त (रिच), त्यावर हवा जास्त (लीन). मशीन लॅम्डा थेट मोजत नाही, सीओ, सीओटू, एचसी आणि ऑक्सिजन हे चार मोजून त्यातून हिशोब करून काढतं. कॅट आतमध्ये काय करतो, तर असलेल्या ऑक्सिजनने सीओ आणि एचसी जाळतो. म्हणजे गॅसचं रूप बदलतो, पण इंजिनात एकूण हवा किती गेली आणि पेट्रोल किती गेलं हे तो बदलू शकत नाही. त्यामुळे पाइपला कुठे गळती नसेल तर कॅटच्या आधी लॅम्डा मोजा नाहीतर नंतर मोजा, उत्तर तेच येणार. कॅट मेला असता आणि बाकी सगळं ठीक असतं तर तुमचा सीओ वाढलेला दिसला असता आणि लॅम्डा १ च्या जवळपास राहिला असता. तुमचा ०.९५ आहे म्हणजे इंजिनातच पेट्रोल सुमारे पाच टक्के जास्त जातंय, आणि त्या मिक्श्चरमध्ये सीओ जाळायला ऑक्सिजनच उरत नाही तर बिचारा कॅट काय जाळणार? उद्या नवाकोरा लावला तरी सीओ दीडच्या आसपासच येईल. चोर सोडून संन्याशाला फाशी.

थ्री-वे कॅट एकट्याने चालणारी वस्तू नाहीच मुळी. व्होल्वोने १९७६ साली बॉशचा लॅम्डा सेंसर घेऊन ही जोडी पहिल्यांदा रस्त्यावर आणली, ते याचसाठी. कॅटला मिक्श्चर १४.७ ला १ च्या अगदी जवळ लागतं, थोडं इकडे सरकलं की सीओ-एचसी जळत नाही, थोडं तिकडे सरकलं की एनओएक्स (नायट्रोजनचे घातक वायू) सुटतं. सेंसर सांगतो, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल कमी-जास्त करतो, मिक्श्चर सतत त्या रेषेच्या वरखाली होत राहतं, तेव्हा कुठे कॅट काम करतो.

आता तुमच्या पोस्टमधलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य. तुम्ही कौतुकाने लिहिलंय की इंजिन थंड चालतं आणि हायवेला काटा पाव भागाच्या वर जात नाही. अहो हेच तर दुखणं आहे! या गाडीत काटा मधल्या रेषेच्या किंचित खाली येऊन स्थिर बसायला पाहिजे आणि तिथून हलायला नको. तुमचं इंजिन कधी गरमच होत नाहीये. आणि पाणी थंड आहे तोपर्यंत ईसीयू समजतो की गाडी आत्ताच सुरू केलीय, म्हणून तो जुन्या गाडीच्या चोकसारखं जास्तीचं पेट्रोल देत राहतो आणि लॅम्डा सेंसरचं ऐकतच नाही. दीड वर्ष तुम्ही अर्धा चोक ओढून गाडी चालवताय असं समजा.

थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडा अडकला असेल नाहीतर पाण्याच्या तापमानाचा सेंसर गेला असेल. नवीन काही विकत न घेता कळतं. सकाळी एकदम गार गाडी सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवा. पंख्यापासून आणि बेल्टपासून बाही, मफलर, जे काय लोंबत असेल ते लांब ठेवा. थर्मोस्टॅट चांगला असेल तर पाइप बराच वेळ गारच राहतो आणि मग एकदम चटका बसेल इतका गरम होतो, कारण साधारण ८८ डिग्रीला झडप उघडते आणि गरम पाणी धाडकन येतं. पहिल्या मिनिटापासून पाइप हळूहळू कोमट होत गेला तर समजा झडप उघडीच आहे.

दुसरं, मल्टिमीटर असेल तर ईसीयूच्या पाण्याच्या सेंसरचा रेझिस्टन्स बघा. गेजला जाणारा एक वायरचा सेंसर वेगळा आणि ईसीयूला जाणारा दोन वायरचा वेगळा, गल्लत करू नका. २० डिग्रीच्या आसपास तो साधारण अडीच हजार ओम दाखवतो आणि ८० डिग्रीला तीनशेच्या आसपास उतरतो. गरम इंजिनावर पण हजाराच्या वर दाखवत असेल तर तो गेला.

घाईत_असतो, स्पिरिटचा नुस्खा कार्ब्युरेटरच्या जमान्यात चालायचा. स्पिरिटमध्ये ऑक्सिजन असतो म्हणून मिक्श्चर लीन व्हायचं आणि सीओ उतरायचा. लॅम्डा सेंसरवाल्या गाडीत सगळं ठीक असेल तर ईसीयू ते ओळखून पेट्रोल वाढवतो आणि तुम्ही होतात तिथेच येता. तीस वर्षं जुन्या रबरी पाइपांचं त्या स्पिरिटमध्ये काय होतं ते आणखी वेगळं.

घाईत_असतो

बरं बाबा, चुकलो. पण आमची गाडी पास झाली होती हे खरं आहे 😄

पाना_१०_नंबर

लॅम्डा_एकशी शंभर टक्के सहमत. मी स्वतः हा गाढवपणा केलाय म्हणून सांगतो. माझ्या आधीच्या गाडीत पण अशीच रिच चालायची भानगड होती, मी न बघता नवीन कॅट लावला, टेस्टला काठावर पास झाली, मी खुश, आणि सहा महिन्यांत तो कॅट खुळखुळ्यासारखा वाजायला लागला. झालं काय की एका सिलिंडरला मिसिंग होतं, कच्चं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन तिथे जळत होतं आणि आतली जाळी वितळून तुटली. ती जाळी सिरॅमिकची असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर, म्हणजे जे वितळलं ते स्वस्तातलं नव्हतं. तुमच्या कॅटला गार असताना मुठीने दोन-चार ठोसे मारून बघा, आत खडखड आली तर तो तुटलाय, नाही आली तर आशा आहे.

२०० सेलच्या स्पोर्ट्स कॅटबद्दल, टेस्टसाठी घेत असाल तर घेऊ नका. ओरिजिनल टाइपमध्ये साधारण ४०० सेल असतात, एका चौरस इंचात चारशे नळ्या. २०० म्हणजे नळ्या मोठ्या, गॅसला घासायला जागा कमी. आवाज छान येतो, हॉर्सपॉवर वाढल्यासारखं वाटतं, आणि आयडलला आकडे काठावर येतात. १६०० सीसीला त्याचा काडीचा उपयोग नाही असं माझं मत, कोणाला राग आला तर येऊ दे.

अजून एक बघा, आधीच्या मालकाने कोन फिल्टर लावलाय म्हणजे तो हात मारणारा माणूस होता. या १६०० मध्ये झडपवाला एअरफ्लो मीटर असतो, आत एक दातेरी चाक आणि स्प्रिंग. लोक काळं झाकण उघडून ती स्प्रिंग एक-दोन दात ढिली करतात, म्हणजे रिच होते आणि त्यांना वाटतं पिकप वाढला. झाकणाच्या कडेला मूळचा डिंक आहे का नंतर कोणी सिलिकॉन फासलंय ते बघा, पण उघडू नका.

टायमिंग (प्लगची ठिणगी कधी पडते ते) पण तपासून घ्या. बोनेटखालच्या डायग्नोस्टिक डबीत टीईएन आणि जीएनडी लिहिलेली दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडायची, आयडल ८५० ला आणायचा आणि टायमिंग लाइट मारायचा, १० डिग्री यायला पाहिजे. बरेच हौशी लोक १४ ला ठेवतात, गाडी जरा चुरचुरीत वाटते म्हणून. टायमिंग पुढे ओढलं की एचसी वाढतो आणि जिथे एनओएक्स पण मोजतात तिथे तोही वाढतो. टेस्टपुरता तरी १० वर आणा. मोजून झालं की तो वायरचा तुकडा काढायला विसरू नका, मी एकदा तसाच ठेवून आठवडाभर गाडी चालवली आणि पिकप कुठे गेला म्हणून डोकं खाजवत बसलो होतो.

एसयू_काका

तुम्हा मुलांचं बरंय, सेंसर बघा, ओम मोजा. माझी एमजीबी आहे, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, दोन एसयू कार्ब्युरेटर, तिला कॅट नाही, ईसीयू नाही, लॅम्डा तिने जन्मात ऐकलेला नाही. तिच्या वयाच्या गाड्यांना सीओची लिमिट ढिली असते म्हणून निभावतं.

पण मूळ मुद्दा तोच आहे. मी एकदा चार दिवस मिक्श्चरचा नट फिरवत बसलो, अर्धा आटा वर अर्धा आटा खाली, सीओ काही जागेवर येईना. शेवटी लक्षात आलं की चोकची केबल आखडली होती आणि एका कार्ब्युरेटरचा जेट पूर्ण वर जातच नव्हता. म्हणजे मी चोक अर्धवट ओढलेल्या गाडीचं मिक्श्चर सेट करत होतो. केबलला दोन थेंब तेल टाकलं आणि चार दिवसांची मेहनत पहिल्यापासून.

कोणाकडे एसयू असेल तर मशीनशिवाय बघायची रीत सांगून ठेवतो. इंजिन पूर्ण गरम, आयडलवर, कार्ब्युरेटरखालची पिन बोटाने दाबून पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचला. आयडल वाढून तसाच वाढलेला राहिला तर रिच. खाली पडून इंजिन अडखळायला लागलं तर लीन. किंचित वाढून परत जागेवर आला तर बरोबर. कानाने कळतं, दोन्ही कार्ब्युरेटरला वेगवेगळं करायचं. आणि वरच्या डॅशपॉटमध्ये तेल आहे का बघा, ते नसलं की गाडी रेस देताना खोकते आणि लोक उगाच मिक्श्चर वाढवून ठेवतात.

छप्पर_उघडं

मंडळी, काय बोलू. फोटो टाकता येत नाहीये म्हणून लिहूनच सांगतो.

सकाळी हात लावून बघितलं, वरचा पाइप दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटालाच कोमट. म्हटलं थर्मोस्टॅट अडकलाय, नवीन आणला, गॅस्केट आणलं, गाडी गार असताना कूलंट थोडं काढून घेतलं आणि हेडच्या पुढचं झाकण उघडलं. दोनच बोल्ट आहेत. एक सहज आला, दुसरा इतका गंजलेला की अर्धा तास तेल मारून, थांबून, परत तेल मारून काढावा लागला. झाकणाच्या कडेने सगळीकडे निळं सिलिकॉन फासलेलं, इथेच मला शंका आली. झाकण काढलं आणि आत बघतो तर काय, काहीच नाही! थर्मोस्टॅटच नाही! मोकळं भोक, बोट आरपार. अडकलेला थर्मोस्टॅट बघायला गेलो आणि खोली रिकामी निघाली. मागच्या मालकाला कधीतरी गाडी तापत असणार आणि त्याने काढून फेकून दिला, वरून सिलिकॉन लावून मोकळा.

म्हणजे दीड वर्ष मी ज्याला इंजिनाची तब्येत समजत होतो ते हे होतं. हसा तुम्ही.

नवीन बसवला, ती छोटी हलणारी पिन असते ती वरच्या बाजूला ठेवली, कूलंट भरलं, हवा काढली. आता काटा मधल्या रेषेच्या जरा खाली येऊन गप्प बसतो. ज्यामुळे त्याने काढला असेल ते तापणं परत येतंय का म्हणून दोन दिवस ट्रॅफिकमध्ये मुद्दाम फिरवली, पंखा वेळेवर लागतो, तापत नाही. दोन वायरचा सेंसर पण तपासला, गरम असताना ३१० ओम, म्हणजे तो ठीक. बिचारा खरंच सांगत होता की पाणी गार आहे.

मल्टिमीटर लॅम्डा सेंसरच्या वायरला लावून २५०० वर धरली तर आकडा ०.२ ते ०.८ मध्ये सारखा नाचतोय, दहा सेकंदात आठ-दहा वेळा इकडून तिकडे. आधी बघितला नव्हता त्यामुळे तुलना नाही, पण नाचतोय म्हणजे बरं असावं. टायमिंग १४ निघालं, १० वर आणलं. एअरफ्लो मीटरच्या झाकणावरचा डिंक मूळचाच वाटतोय, हात लावला नाही. कॅट वाजत नाही.

एवढं सगळं करून आज उत्साहात परत मोजून आलो. फास्ट आयडलला सीओ ०.४२, एचसी ९५, सीओटू १४.३, ऑक्सिजन १.२, लॅम्डा १.०४. म्हणजे सीओ अजून जास्त आणि आता लॅम्डा उलट्या बाजूने बाहेर!! रिच होती ती लीन झाली का? आगीतून फुफाट्यात. एअरफ्लो मीटरची स्प्रिंग फिरवू का आता?

लॅम्डा_एक

स्प्रिंगला हात लावाल तर याद राखा 😄

१.८६ वरून ०.४२ वर आलात, ही मोठी मजल आहे. आणि मला नाही वाटत लीन झालीय.

ऑक्सिजन आणि सीओ एकत्र बघा. १.२ टक्के ऑक्सिजन आणि ०.४२ टक्के सीओ, दोघे एकाच पाइपात शेजारी शेजारी बाहेर पडतायत. गरम आणि जिवंत कॅटमधून हे दोघे एकत्र गेले असते तर आतच एकमेकांना भेटून सीओटू होऊन बाहेर आले असते. तसं झालं नाही म्हणजे एकतर हा ऑक्सिजन कॅटच्या नंतर कुठूनतरी आत शिरलाय, नाहीतर कॅट त्या वेळी गार होता किंवा मेलेला आहे.

तुमचा सेंसर रेषेच्या दोन्ही बाजूंना नाचतोय, म्हणजे इंजिन स्वतः १ च्या जवळ चालतंय. ज्या इंजिनाचा सेंसर नाचतोय त्याचा लॅम्डा मागून १.०४ दिसतो, तेव्हा माझा पहिला संशय सायलेन्सरच्या जोडावर. एक्झॉस्टमध्ये सतत दाब असतो असं आपल्याला वाटतं पण खरं तर ठोके असतात, प्रत्येक ठोक्यामागे क्षणभर उलटी ओढ असते आणि फट असली की बाहेरची हवा आत ओढली जाते. ही फट लॅम्डा सेंसरच्या आधी असती तर अजून वाईट, सेंसरला वाटलं असतं मिक्श्चर लीन आहे आणि ईसीयूने पेट्रोल वाढवलं असतं. तुमची नंतरच्या बाजूला असावी, कारण मागचा सायलेन्सर बदललेला आहे आणि जोड तिथेच आहे.

गाडी सुरू करून कोणाला तरी मागे बसवा, जाड ओलं फडकं हातमोज्यात धरून सायलेन्सरचं तोंड बरंचसं दाबायला सांगा, अगदी थोडा वेळ, आणि तुम्ही बाजूने कान लावा. बंद जागेत करू नका, सीओला वास नसतो. फट असेल तिथे फुस्स-फुस्स ऐकू येईल.

आणि एक सांगा, टेस्टच्या आधी गाडी बंद करून उभी होती का?

छप्पर_उघडं

होती. रांग होती पुढे, पाऊण तास तरी बंद करून बसलो असेन. पेट्रोल वाचवलं म्हणून स्वतःला शाबासकी पण दिली.

लॅम्डा_एक

झालं मग. कॅट पेटायला आतून अडीचशे-तीनशे डिग्री लागतात आणि पाऊण तासात तो चांगलाच थंडावतो. तुमच्या गाडीला हीटर नसलेला लॅम्डा सेंसर असेल तर तो पण गार. टेस्टला जाताना वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर एक गिअर खालीच ठेवून जा, तीन-साडेतीन हजारावर, आणि पोचल्यावर बंद करू नका. रांगेत उभं राहावंच लागलं तर आत घ्यायच्या आधी दोन-तीन मिनिटं २५०० वर धरून ठेवा. यात फसवणूक काही नाही, टेस्ट गरम इंजिनावर घ्यायची असंच अपेक्षित असतं.

पाना_१०_नंबर

एक राहिलं, आणि हे कोणी सांगत नाही. दीड वर्ष रिच आणि गार चालली म्हणजे इंजिन ऑइलमध्ये पेट्रोल उतरलेलं असणार. डिपस्टिक काढून वास घ्या. आता इंजिन पहिल्यांदाच नीट गरम व्हायला लागलंय तर ते पेट्रोल ऑइलमधून उडून पीसीव्हीच्या (इंजिनाच्या पोटातली वाफ परत ओढून घेणाऱ्या) नळीतून परत इनटेकमध्ये जातंय, मोजलेलं मापलेलं नाही असं फुकटचं पेट्रोल. टेस्टच्या आधी ऑइल आणि फिल्टर बदला. खात्री करायची असेल तर आयडलवर सीओ बघत बघत पीसीव्हीची नळी इनटेकपासून सोडा आणि इनटेकचं भोक बुचाने बंद करा, सीओ खाली उतरला तर चोर ऑइलमध्ये आहे. भोक उघडं ठेवलंत तर व्हॅक्यूम लीक होऊन भलताच आकडा दिसेल.

निवांत_ड्रायव्हर

मध्येच विचारतो, राग मानू नका. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाकल्याने फरक पडतो का? आणि ते इंजेक्टर क्लीनर? माझी पण जुनी आहे, पुढच्या महिन्यात टेस्ट आहे.

पाना_१०_नंबर

ऑक्टेन म्हणजे ठोका सहन करायची ताकद, धूर कमी करायची नाही. कंपनीने सांगितलंय तेवढं टाका. क्लीनर टाकायचाच तर टेस्टच्या तीन-चारशे किलोमीटर आधी टाका आणि ती टाकी संपवा, टेस्टच्या सकाळी ओतून काही होत नाही. आणि थर्मोस्टॅट आहे का ते बघा आधी 😄

एसयू_काका

आणि चोक.

छप्पर_उघडं

आलो परत. उशीर झाला, कारण मधले दिवस गाडीखालीच गेले.

फडक्याचा प्रयोग केला. मुलाला मागे बसवलं, मी जॅक-स्टँडवर गाडी नीट टेकवून खाली. सायलेन्सरचं तोंड दाबल्याबरोबर कॅटच्या मागच्या फ्लॅंजमधून फुस्स-फुस्स, आणि बाजूच्या धुळीत काळ्या काजळीचा पंखा उमटलेला, म्हणजे कधीपासून गळत असणार देव जाणे. सोडवलं तर आतलं गॅस्केट अर्धंच, उरलेल्या अर्ध्यात कोणीतरी एक्झॉस्ट पेस्ट भरलेली, ती विटेसारखी झालेली. तोच निळ्या सिलिकॉनवाला कलाकार असणार. फ्लॅंजचा एक बोल्ट तुटला अपेक्षेप्रमाणे, ड्रिल करून काढला, त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली आणि एक ड्रिल बिट पण. नवीन गॅस्केट, नवीन बोल्ट, परत फडकं, आता आवाज नाही, तोंड दाबलं की इंजिनच गुदमरतं.

ऑइलला वास होता. डिपस्टिक नाकाशी नेली तर पेट्रोल पंपावर उभं राहिल्यासारखं, आणि पातळी पण फुलच्या खुणेच्या वर, मला वाटायचं मी जास्त भरलं असेन. काढलेलं ऑइल पाण्यासारखं पातळ. बदललं.

काल सकाळी लॅम्डा_एक म्हणाले तशी तिसऱ्या गिअरमध्ये वीस मिनिटं घेऊन गेलो, छप्पर उघडं टाकून, म्हणजे टेस्टला जातोय का फिरायला तेच कळेना. पुढे दोनच गाड्या होत्या, बंद केली नाही. आत घेतली, त्याने नळी घातली, मी स्क्रीनकडे बघत उभा, पहिले काही सेकंद सीओ ०.३ च्या आसपास रेंगाळला तेव्हा पोटात गोळा आला, मग उतरत उतरत गेला. कागद लिहितो. फास्ट आयडल सीओ ०.०८, एचसी २८, सीओटू १५.१, ऑक्सिजन ०.१, लॅम्डा १.००१. आयडलला सीओ ०.१२. पास!

कॅट तोच आहे. आधी "कॅट गेलाय" म्हणणारा तोच टेस्टवाला म्हणाला, नवीन कॅट छान बसलाय तुमचा. मी हो म्हणालो.

घाईत_असतो

पार्टी. आणि टायमिंग परत १४ ला नेणार का?

छप्पर_उघडं

नेणार नाही असं म्हणणार होतो पण खोटं कशाला बोलू, १२ वर ठेवून बघणार आहे.

आणि हो, एक गंमत सांगायची राहिली. हीटर चालायला लागला! दीड वर्ष मी गार दिवसांत जाड जॅकेट घालून, पायावर पांघरूण घेऊन ही गाडी चालवली, मला वाटायचं उघड्या गाडीचा हीटर असाच कोमट असतो. काल येताना लावला तर पाय भाजले.